नमद्याची पट्टी

शोकात बुडालेल्या माणसाला धीर देताना कोणी चार शब्द वावगे बोलून गेला, तर जग त्याला दोष देत नाही. परंतु आपल्या हातची चूक झाकण्यासाठी जो दुसऱ्याच्या मनातील भीतीला खरी ठरवतो, त्याचा अपराध निराळ्या जातीचा असतो. त्या क्षणापासून एकाचे ओझे दुसरा वाहू लागतो, आणि ते कोणाचे आहे हे पहिल्यालाच ठाऊक असते. मानिसालेस या डोंगरी नगरात छपरांत उजेडाचे झरोके बसवण्याचे काम करणाऱ्या एलिएसेर मारुलांदाकडून असा अपराध एप्रिल महिन्यातील एका मंगळवारी घडला. तो लबाड माणूस नव्हता. चाळीस वर्षांत त्याने बसवलेल्या काचांतून अर्ध्या नगराच्या अंगणांत उजेड उतरला होता. तरीही तो बोलू नये ते बोलला, आणि ज्या घरात बोलला ते घर त्याला परके नव्हते.

ते घर गिल्दार्दो ओसोरियोचे होते. गिल्दार्दोने एलिएसेरच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या हातांवर धरले होते, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांत पुरुषाला कोंपाद्रे आणि बाईला कोमाद्रे हीच हाक चालत आली होती. ते नाते रक्ताहून कमी मानण्याची त्या डोंगरांत रीत नाही. फेब्रुवारीच्या एका दुपारी, मुसळधार पाऊस पडत असताना, गिल्दार्दो आपल्या खोलीत एकटाच वारला. त्याची फुप्फुसे वर्षभर थकलेली होती. त्याचा आवाज दूर पोहोचत नसे. म्हणून उशाशी एक घंटी ठेवलेली असे, त्याच्या वडिलांच्या तांड्यात सर्वांत पुढे चालणाऱ्या खेचराच्या गळ्यातील, पितळेची. त्या दुपारी ती घंटी त्याच्या मुठीत सापडली. त्याची बायको उबाल्दिना अंगणापलीकडे स्वयंपाकघरात मका दळत होती. मध्ये बारा पावलांचे अंतर, आणि वर एलिएसेरने बसवलेला झरोका.

दोन महिन्यांनी उबाल्दिनाने त्याला बोलावणे पाठवले.

"या, कोंपाद्रे. पाय पुसून या, नाहीतर आमची नोएमी फरशी पुसायला लावेल," ती दारातच म्हणाली.

"लावेनच," आतून तिच्या धाकट्या बहिणीचा आवाज आला. नोएमी दुखवट्याला आली होती ती परत गेलीच नव्हती. "बूट बघ त्यांचे. अख्खा डोंगर घेऊन आलेत. काय हो, माझ्यासाठी आणलात का?"

"तुमच्यासाठी डोंगरही लहानच पडेल, नोएमीबाई."

"हे ऐक. आल्या आल्या माझ्या कमरेवर घसरले."

उबाल्दिना हसली नाही. तिने गुळाच्या गरम पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला, आणि वर बोट केले. "हा गप्प करायचा आहे."

झरोका अंगणाएवढा होता: लोखंडी गजांवर टाकलेले पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे पारदर्शक पातळ पत्रे, मध्यभागी उंच, दोन्ही अंगांना किंचित उतरते. सकाळच्या उन्हात ते घर समईसारखे उजळत असे. पण पाऊस आला की त्या पत्र्यांचा गडगडाट होई, आणि घरातील माणसे खुणांनी बोलत.

"काच घालता येईल," एलिएसेर म्हणाला. "दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या, मध्ये पारदर्शक पापुद्रा दाबलेला. तो पापुद्रा थेंबाचा मार पिऊन टाकतो. खाली चार बोटं पोकळी सोडून आणखी एक काच. उतार वाढवू, म्हणजे पाणी आपटण्याऐवजी घसरेल. कडेच्या फटींत लोकर ठासू. पाऊस पडतोय हे तुम्हाला फक्त दिसेल, कोमाद्रे. रस्त्यावरच्या मोटरसायकलीसुद्धा ऐकू यायच्या नाहीत."

"आणि तो आवोकादो फळं विकणारा?" नोएमीने विचारले. "त्याच्या कर्ण्यानं माझं डोकं उठतं."

"तोही नाही."

"मग आजच लावा. जेवायला घालते."

उबाल्दिना त्या गमतीत नव्हती. पेला खाली ठेवून ती म्हणाली, "मला झोपेसाठी नकोय हे. पाऊस आला की तो घंटी वाजवतो, कोंपाद्रे. पत्र्यांच्या आवाजाच्या आत. मी जाते, खोलीत कोणी नसतं. घंटी मी कपाटात ठेवलीये, तिच्या लोलकाला सुतानं गुंडाळून. तरी वाजते."

नोएमीने डोळे खाली घातले. ही गोष्ट तिने बऱ्याचदा ऐकली असावी.

"मला एवढंच कळायला हवंय," उबाल्दिना पुढे म्हणाली, "त्या दिवशी मला ऐकू आलं होतं की नाही. सकाळपासून त्यानं वीस वेळा घंटी वाजवली होती. पाणी दे, उशी सरकव, खिडकी लाव, खिडकी उघड. मी वैतागले होते. आता आठवायला बसले की मला वाटतं, मी ती ऐकली, आणि म्हटलं, एवढं पीठ होऊ दे, मग जाते. असं मी म्हटलं का? की हे मी नंतर मनाशी रचलंय? ते कळत नाही."

मग दुपारच्या ठरल्या वेळी डोंगरावरून ढग उतरले आणि पाऊस सुरू झाला. एका क्षणात पत्रे घुमू लागले. उबाल्दिना उठली, कपाटातून घंटी काढून तिने लोलकाचे सूत सोडले, आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "मी आत जाऊन वाजवते. तुम्ही जात्याजवळ उभे राहा. आणि मला खरं सांगा."

तो स्वयंपाकघरात गेला. मका दळण्याचे हातजाते टेबलाच्या कडेला आवळलेले होते. त्याच्या दांड्यावर हात ठेवून तो उभा राहिला आणि त्याने कान दिला. पावसाखेरीज काही नव्हते. तो आवाज एवढा भरीव होता की त्यात सुई शिरायला जागा नव्हती. बराच वेळ गेला. त्याला आपला श्वासही ऐकू येत नव्हता.

तेव्हा त्याची दृष्टी सहज वर गेली, आणि दारातून दिसणाऱ्या झरोक्याच्या कडेला ती खिळली. पत्रा गजावर थडथडत होता. लोखंडाला तो थेट टेकलेला होता. मध्ये नमदा नव्हता.

अकरा वर्षांपूर्वीचा डिसेंबर त्याला आठवला. बाळ येशूच्या जन्माआधीच्या नऊ संध्याकाळी शेजारपाजार एकेका घरी जमून प्रार्थना करतो, गाणी म्हणतो, पोरे खुळखुळे वाजवतात. त्या वर्षी पहिली संध्याकाळ गिल्दार्दोकडे होती, आणि त्याला ती नव्या झरोक्याखाली हवी होती. सकाळच्या पावसात नमद्याचे गुंडाळे भिजून चिंब झाले. लोकर दाबून केलेली ती जाड पट्टी गजावर घातल्यावाचून पत्रा बसवायचा नसतो, हे एलिएसेर शिकाऊ पोरांना रागे भरून सांगत असे. पण पाहुणे यायला चार तास राहिले होते. "जानेवारीत पत्रे सैल करून पट्टी सरकवतो," तो म्हणाला. गिल्दार्दो हसून म्हणाला, "असू द्या, पोरांच्या खुळखुळ्यांना साथ होईल." जानेवारी आला आणि गेला. पाऊस गडगडू लागला की गिल्दार्दो लोकांना कौतुकाने सांगे, हा आमच्या कोंपाद्रेचा ढोल. त्या कौतुकाखाली ती चूक झाकली गेली, आणि एलिएसेर ती खरोखरच विसरला.

उबाल्दिना दारात येऊन उभी राहिली. घंटी तिच्या हातात होती. "आली ऐकू?"

नाही असे म्हटले असते, तर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: एवढा आवाज का होतो, कोंपाद्रे, इतरांच्या घरी तर होत नाही. हा विचार त्याच्या मनात पुरता उमटलाही नव्हता, तोच त्याचे तोंड उघडले.

"आली," तो म्हणाला. "पुसट, पण आली."

उबाल्दिनाने मान हलवली. "म्हणजे येत होती," ती स्वतःशीच म्हणाली. ती घंटी घेऊन कपाटाकडे गेली, आणि तिने सूत पुन्हा गुंडाळताना नोएमी तिच्याकडे एकटक पाहत राहिली.

काचा कापून यायला पाच आठवडे लागणार होते. त्या पाच आठवड्यांत एलिएसेरच्या घरी एक गोष्ट घडू लागली. त्याच्या घरावर जुनी मातीची कौले होती, पाऊस त्यांच्यावर कुजबुजल्यासारखा पडे. तिसऱ्या की चौथ्या दुपारी, तो चौकटीला रंग देत असताना, त्या कुजबुजीच्या आतून घंटी वाजली. एकदाच. त्याने कुंचला खाली ठेवला. उतारावरून कोणाचे खेचर जात असेल म्हणून तो दारात गेला. रस्ता ओला आणि रिकामा होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वाजली, आणि मग पाऊस असेल त्या प्रत्येक दुपारी. तो आवाज मोठा नव्हता, घाईचाही नव्हता. कोणीतरी वाट पाहायला शिकलेले माणूस जसे वाजवील, तसा होता. एलिएसेरने बायकोला विचारले, तर ती म्हणाली, "कानात तेल घाल." त्याने घातले. फरक पडला नाही.

पत्रे उतरवायला तो दोन मजुरांना घेऊन गेला, तेव्हा उबाल्दिना प्रार्थनेला गेली होती. नोएमी अंगणात कुंड्या झाकत होती. तिची जीभ त्या दिवशी थंड होती.

"ती पलंगावर निजत नाही आता," ती म्हणाली. "त्याच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसते. आधी शंका होती बिचारीला. शंका होती तोवर रडायची तरी. तुम्ही सांगून गेलात त्या दिवसापासून रडणं बंद. म्हणते, ऐकून न गेलेल्या बाईला रडायचा काय हक्क?"

एलिएसेर शिडीवर होता. तो पत्र्याचा स्क्रू सैल करत राहिला.

"तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी," नोएमी म्हणाली. "तिनं खरं विचारलं, तुम्ही खरं सांगितलंत. पण देवाशपथ, थोडं खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

पत्रा सुटून मजुरांच्या हातांत आला. खाली गज उघडा पडला, अकरा वर्षांच्या घासणीने चकचकीत झालेला. नोएमी मान वर करून पाहत होती. "यावर काही घालत नाहीत का हो? आमच्या पेरेइरा गावातल्या घरी काळी पट्टी आहे."

"झिजून जाते ती," एलिएसेर म्हणाला, आणि आपल्या आवाजाची त्याला शिसारी आली.

काम त्याने असे केले की मजूर कंटाळले. प्रत्येक गज घासला, रंगवला, त्यावर नमदा चिकटवला, नमद्यावर रबराची पट्टी. काच टेकवण्यापूर्वी तो तळहात फिरवून पाही, कोठे लोखंड उघडे राहिले नाही ना. कडांच्या फटींत त्याने लोकर बोटांनी ठासली, सांधे दोनदा भरले. मजुरांपैकी एक म्हणाला, "मालक, खाली राष्ट्रपती राहायला येणार आहेत का?" एलिएसेर म्हणाला, "गप्प काम कर." चौथ्या दिवशी शेवटची काच बसली, आणि रस्त्यावर आवोकादोवाल्याचे तोंड कर्ण्यामागे हलताना दिसावे पण शब्द ऐकू येऊ नये, असे झाले. नोएमी खिडकीतून त्याला पाहून म्हणाली, "असाच बरा दिसतो."

शनिवारी दुपारी तिघे अंगणात बसले होते. उबाल्दिनाने कामाच्या समाप्तीचे म्हणून जेवण घातले होते: राजमा, भात, तळलेली पिकली केळी. ताटे तशीच होती. टेबलावर तिने घंटी आणून ठेवली होती, लोलक सुताने बांधलेला. ती का आणली हे कोणी विचारले नाही.

उजेड मंदावला. वर काचेवर पहिला थेंब पडला आणि फुटून पसरला. मग दुसरा, मग सगळे एकदम. पाणी काचेवरून पडदा होऊन घसरू लागले. त्याच्या सावल्या फरशीवरून, ताटांवरून, उबाल्दिनाच्या हातांवरून वाहत गेल्या. आवाज नव्हता. एवढा मोठा पाऊस, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. नोएमीने हळूच छातीवर क्रुसाची खूण केली.

"देवा," ती पुटपुटली, "हे तर चर्चमध्येसुद्धा नसतं."

उबाल्दिना हलली नाही. तिचे डोके किंचित एका बाजूला कलले होते. एलिएसेरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्याच वेळी ती वाजली. स्पष्ट. खोलीच्या दिशेने. टेबलावरची घंटी जागची ढळली नव्हती, तिचे सूत तसेच होते. तरी तो पितळेचा नाद अंगण ओलांडून आला, बारा पावले, आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन विझला.

"ऐकलंत?" उबाल्दिनाने विचारले.

"मला काही नाही ऐकू आलं," नोएमी म्हणाली. "तुम्हा दोघांचे श्वास फक्त."

"तुला नाही विचारलं, नोएमी. यांना विचारलं." तिची नजर एलिएसेरवर होती. "झरोका गप्प केला तरी तो गप्प होत नाही, कोंपाद्रे. त्याला मी ऐकलं होतं, म्हणून. मी गेले नाही, म्हणून."

"आता ऐकली," एलिएसेर म्हणाला. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "कोमाद्रे, आता ऐकली. त्या मंगळवारी नव्हती ऐकली."

नोएमीने हातातला चमचा खाली ठेवला.

"तुम्ही आत वाजवत होतात, मी जात्याजवळ उभा होतो. मला काहीही ऐकू आलं नाही. मी खोटं बोललो."

"का?" तिने विचारले. तिचा आवाज चढला नव्हता.

त्याने सांगितले. भिजलेला नमदा, डिसेंबरची संध्याकाळ, जानेवारीचे वचन. उघड्या लोखंडावर टेकवलेला पत्रा कसा नगारा होतो, हे त्याने कारागिराच्या शब्दांत सांगितले, कारण दुसरे शब्द त्याच्यापाशी नव्हते. "तो गडगडाट पावसाचा नव्हता, कोमाद्रे. अर्ध्याहून जास्त माझा होता. फेब्रुवारीतल्या त्या पावसात तुमच्या शेजारी कोणी घंटी वाजवली असती तरी तुम्हाला कळलं नसतं. हे मला त्या मंगळवारी उभ्या उभ्या कळलं. आणि मी तुम्हाला उलट सांगितलं."

"पुन्हा सांगा," उबाल्दिना म्हणाली.

"काय?"

"मला ऐकू आलं नव्हतं ते."

"तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. येणं शक्यच नव्हतं."

"पुन्हा."

त्याने पुन्हा सांगितले. नोएमीने तोंडाला पदरासारखा हातरुमाल लावला होता.

उबाल्दिनाने ताटातील थंड झालेला भात चमच्याने एका बाजूला सारला, जणू काही शोधत होती. मग तिचे खांदे हलू लागले. ती रडत होती, आवाज न करता, आणि नंतर आवाज करून. त्या नव्या शांततेत तो आवाज सगळ्या घरभर गेला, खोलीत, रिकाम्या पलंगापर्यंत. एलिएसेर उठून उभा राहिला. जावे की थांबावे, हे त्याला समजेना.

"बसा," ती रडता रडताच म्हणाली. "मी सांगेन केव्हा जायचं."

तो बसला. वर पाणी वाहतच होते. पुष्कळ वेळाने तिने डोळे पुसले.

"सहा आठवडे मी त्या खुर्चीत बसले," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही, कोंपाद्रे. तुम्ही मेल्यावर तुमच्या प्रार्थनेला येईन, तेव्हाही माझ्या लक्षात असेल. नमद्याचं मी सोडून देते. ते तुम्हा दोघा येड्यांचं होतं, त्यानंच हसून घालवलं. पण ते दुसरं नाही सोडून देत."

"नका सोडू," एलिएसेर म्हणाला.

"नाही म्हटलं ना." तिने घंटी उचलली, सूत उलगडले, आणि ती उशाशी नेऊन ठेवावी तशी खोलीच्या कोनाड्यात ठेवून परत आली. "नोएमी, पलंगावरची चादर बदल. आज मी तिथे निजणार आहे."

"आणि मी कुठे निजू? सहा आठवडे मीच निजतेय त्याच्यावर."

"भिंतीकडे. आणि घोरू नकोस. आता सगळं ऐकू येतं."

एलिएसेर तिसऱ्या प्रहरी बाहेर पडला, तेव्हा पाऊस अजून होता. रस्त्यावर आल्यावर पाऊस त्याच्या टोपीवर, खांद्यांवर, छपरांवर सगळ्या आवाजानिशी कोसळला. उताराच्या वळणापर्यंत तो कान देऊन चालला. पावसाच्या आत पाऊसच होता. त्याने टोपी काढली, डोके भिजू दिले, आणि हळूहळू घराकडे गेला.

ज्याने हाक दिली आणि जिच्यापर्यंत ती पोहोचू शकली नाही, त्या दोघांना विसावा लाभो. ज्याने उशिरा का होईना खरे सांगितले, त्याच्या हातांना स्थैर्य लाभो, आणि जिने त्याला क्षमा केली नाही पण बसवून ठेवले, तिला निर्भय निद्रा लाभो. त्या काचेखाली यापुढे जो कोणी हळू आवाजात काही मागेल, ते ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचो.